बागेचे दोन खांब

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण दोन दगडी खांबांचं ते प्रकरण अजून स्वस्थ बसू देत नाही.

पन्नासच्या दशकात मी चाकण भागातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. जवळच्या गावात एका जुन्या बागेची दगडी भिंत होती. ती भिंत आणि तिच्या दरवाजाचे दोन कोरीव खांब सरकारने संरक्षित ठरवले होते. एके सकाळी पोलीस पाटील धापा टाकत आले. खांब जागेवर नव्हते.

पंचनामा केला. वरून रोज विचारणा होऊ लागली. खबऱ्याने सांगितलं, गावातला म्हातारा पाथरवट खांब चाचपत होता. मी त्याला अटक केली, दरडावलं, एकदा हातही उचलला. तो एवढंच म्हणाला, "मला जाग्यावर न्या, साहेब."

नेलं. खांब उभे होते तिथे त्याने पायाच्या दगडावरून बोटं फिरवली.

"चोरानं पहार घातली असती तर ह्यो दगड फुटला असता. हितं चुन्याचा सांधा हळूहळू मोकळा केलाय. ज्यानं काढला, त्याला खांबाची माया हाय."

माया असलेला माणूस एकच होता : तिथला राखणदार. फिर्यादीतला पहिला साक्षीदारही तोच. विचारताच त्याने आम्हाला सरळ आपल्या शेतावर नेलं. कडब्याच्या गंजीखाली दोन्ही खांब होते.

"रस्त्याचा ठेकेदार भिंतीचा दगड खडीसाठी नेत व्हता. आता खांबांची पाळी व्हती. म्हनून भावाला घेऊन मीच काढले."

"मग ठाण्यात का नाही आलास?"

"दोनदा आलो. दगडाची कसली फिर्याद, म्हनले."

परत येऊन मी स्टेशन डायरी चाळली. एक ओळही नव्हती.

पाथरवटाला सोडलं. खांब त्यानेच पुन्हा उभे केले. ठेकेदारावर खटला भरला. चोरीचा हेतू नव्हता, असा अहवाल मी राखणदारासाठी दिला. त्याच्यावरचा गुन्हा मागे घेतला गेला, पण त्याची नोकरी गेली. निरोप घ्यायला आला तेव्हा रागावलेला नव्हता.

"आता तिकडं ध्यान कोन देनार, साहेब?" त्याने विचारलं.



पुढे प्रत्येक ठाण्यावर मी दंडक घातला : तक्रार कितीही किरकोळ वाटो, आधी लिहून घ्यायची. लोक त्याला माझी शिस्त म्हणत. मी मात्र त्या पाथरवटाची माफी कधी मागितली नाही. तेव्हा ते सुचलंही नव्हतं.