तीस जीबी, पाच मिनिटं

माणसानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, हरकत नाही. पण भरल्या मांडवात, माईक चालू असताना घेऊ नये. मी घेतला. चहा घ्या, सांगतो.

मी मूळचा लातूरकडचा. हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी, राहायला नेऱ्यात, तात्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं. वय बत्तीस. लग्नाचं काही जमेना. मग एकदा तात्याच जिना चढून वर आले.

"आमच्या पोरीच्या लग्नात मुठा गावचा माझा मेव्हणा येतोय. सोपान. त्याची पोरगी लग्नाची हाय. तुला नुसतं बघू दे त्याला. नीट वाग म्हंजी झालं!"

नीट वाग! एवढंच तर करायचं होतं हो.

लग्न पौड रस्त्यावरच्या कार्यालयात. स्टेजमागं भिंतभर एलईडीचा पडदा. आमच्याकडं आता लग्नाआधी नवरा-नवरीची फिल्म काढतात. दोघं धरणाच्या कडेला उभी राहून पाण्याकडं बघतात, मग एकमेकांकडं बघतात, मग परत पाण्याकडं. ती फिल्म आधी लागणार, ती संपली की नवरी येणार, मग अक्षता. हा क्रम नवरीनं स्वतः ठरवलेला. ब्रह्मदेव आला असता तरी बदलला नसता.

आणि ऐन वेळी कळलं, की फिल्मवाल्यानं पाठवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये दुसऱ्याच कुणाचं तरी बारसं आहे!

तात्यांना घाम फुटला. सोपानमामा मात्र शांत माणूस. म्हणाले, "त्याचं दुकान पिरंगुटात हाय ना? मी गाडी काढतो. जाऊन येऊन वीस मिन्टं."

आता तुम्हीच सांगा, होणारा सासरा उन्हात गाडी हाकणार आणि होणारा जावई पंख्याखाली बसणार? बरं दिसतं का? मी फिल्मवाल्याला फोन लावला. फिल्म त्यानं नेटवरही टाकून ठेवली होती. झालं, माझ्या अंगात आलं.

"मामा, बसा तुम्ही. मी इथंच उतरवून घेतो."

"किती येळ लागंल?"

"फाईल तीस जीबी, म्हणजे तीस हजार एमबी. कार्यालयाची लाईन शंभरची. भागा शंभरानं. तीनशे सेकंद. पाच मिनिटं!"

मामा तात्यांकडं वळून म्हणाले, "पोरगं हुशार हाय, दाजी." मी ऐकलं नाही असं दाखवलं. कॉलर मात्र नीट केली.

निवेदकानं लगेच माईक घेतला. "पाचच मिनिटांत फिल्म सुरू होत आहे. तोपर्यंत मान्यवरांचे सत्कार!"

पाच मिनिटं झाली. लॅपटॉपवर आकडा, बारा टक्के. मी म्हटलं, सुरुवातीला जरा हळूच असतं. दहा मिनिटं झाली. पंचवीस.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. लाईनचा वेग मोजतात बिटमध्ये. फाईल मोजतात बाइटमध्ये. एका बाइटात आठ बिट! मी आठानं गुणायचं विसरलो होतो. पाच मिनिटं नव्हे, चाळीस! आणि अहो, हे मी कंपनीत नव्या पोरांना शिकवतो!

मामा परत आले. "आणू का जाऊन? गाडी बाहीरच हाय."

अजूनही गेले असते तर दहा मिनिटं वाचली असती. पण तोंडातून निघालं, "छे छे! आलंच की. पाच मिनिटं!"

तिकडं आजी सरपंच झाले, माजी सरपंच झाले, पोलीस पाटील झाले, नवऱ्याचे सगळे मामा झाले. मग मांडववाला. मग जनरेटरवाला. मग आचाऱ्याला झारा हातात घेऊनच स्टेजवर बोलावलं. नारळ संपले, तेव्हा दिलेलाच नारळ मागच्या बाजूनं परत घेऊन पुढच्याला द्यायला लागले.

नवरीनं पडद्याआडून डोकं काढून मला विचारलं, "दादा, माझं लग्न आजच हाय ना?"

चाळीस मिनिटांनी फिल्म लागली. लग्नही लागलं. अक्षता पडल्यावर निवेदकाला राहवलं नाही. "ज्यांच्यामुळे आज एकही माणूस सत्काराविना राहिला नाही, ते आपले इंजिनिअर साहेब!" मला फेटा बांधला, तोच फिरता नारळ दिला. टाळ्या मात्र सगळ्यांत जास्त मलाच पडल्या.

जेवताना मामा शेजारी येऊन बसले. म्हटलं, आता खरं सांगून टाकावं, प्रामाणिकपणा तरी दिसेल. बिट सांगितलं, बाइट सांगितलं.

"म्हंजी तू सांगशील त्याला आठानं गुणायचं?"

"वेळेला गुणायचं, मामा. वेगाला भागायचं." शिकवायची खोड, दुसरं काय!

मामांनी जिलबी सावकाश संपवली. मग मांडवभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ओ दाजी! ह्या पोराचा पगार सांगितलाय तुमी, त्याला भागायचं, आन् वय बत्तीस सांगितलंय, त्याला गुणायचं व्हय?"

सगळी पंगत हसली. मी पानात मान घालून मनातल्या मनात गुणाकार केला. दोनशे छप्पन्न. या खेपेला गणित बरोबर आलं.