बेसिनवरच्या काळ्या रेघा

आमच्या गल्लीत पहिलं बेसिन बसलं ते आमच्या घरात. चिनीमातीचं, पांढरंशुभ्र, बघावं तेव्हा नुकतंच आणल्यासारखं. सत्तरच्या दशकातलं सोलापूर हो! नळाला पाणी सकाळी तासभर, तेही आलं तर. आणि आमच्या ह्यांना बेसिन पाहिजे. "अहो, त्या तोटीतून दिवसभर नुसती हवा येणार," मी म्हटलं. तर म्हणाले, "तुला नाही कळायचं." शेजारी पिंप ठेवलं, ते घागरी आणून भरणार मी, आणि कळत नव्हतं ते मलाच!

हे मिलच्या ऑफिसात कारकून. बेसिन बसवलं तेही स्वतःच्या हातानं, एक रविवार घालवून. रोज भोंगा व्हायच्या आत एकदा त्याच्यावरून ओला फडका फिरवायचे. माझ्याकडे कधी इतक्या मायेनं बघितलं नाही, खरं सांगते.

घरात तेव्हा आम्ही दोघं, चार वर्षांची लेक आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे गेल्यावर त्या माळशिरसकडच्या गावाहून आमच्याकडे आल्या, त्या एक गाठोडं आणि लग्नातला पितळी तांब्या घेऊन. तांब्या चिंच आणि राखेनं असा घासायच्या की सोन्याचा वाटावा. आम्ही दोघंही तापट. आत्याबाई मध्ये नसत्या, तर आमची भांडणं अख्ख्या गल्लीला पुरून उरली असती. लेक तर त्यांच्या कुशीत शिरल्याशिवाय झोपायचीच नाही.

आणि एक दिवस बेसिनमध्ये काळी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी अजून एक. मग तीन-चार, आडव्या-तिडव्या.

"चरे पडले!" हे ओरडले. घरात चोर शिरल्यागत मी पळत आले. ह्यांची नजर सरळ पिंपावरच्या तांब्याकडे. आत्याबाई पिंपातून तांब्या भरून घ्यायच्या, बेसिनमध्ये टेकवायच्या आणि चूळ भरायच्या. झालं, आरोपी सापडला.

आत्याबाई बिचाऱ्या घाबरल्याच. "थांब, मी काढते," म्हणाल्या आणि दुपारी चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बेसिनला भिडल्या. त्यांच्या लेखी चिंचेनं निघत नाही असं काही जगात नव्हतंच. रेघा फिक्या झाल्या, पण जाईनात. मग काय करावं बाईनं? विटकरीचा चुरा आणला! मी हात धरला म्हणून बरं, नाहीतर बेसिनची चकाकी त्याच दिवशी गेली असती. तरी काठावर एक खरखरीत डाग उठलाच.

संध्याकाळी ह्यांनी तो बघितला. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, "आई, तू आपली मागच्या मोरीवरच चूळ भरत जा." आणि तांब्या उचलून मोरीत नेऊन ठेवला.

माझा असा संताप झाला! "आईला मोरी आणि बेसिनला आरती?" मी म्हटलं. मग आमची जुंपली ती जुंपलीच. पण आत्याबाई मध्ये पडल्या नाहीत. पहिल्यांदाच.

दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "लेकीकडं जाऊन येते बार्शीला." माझी नणंद बार्शीला दिलेली. मी म्हटलं, जाऊन या की, चार दिवस बदल. पण गाठोडं बांधताना बघितलं तर त्यात तांब्या. चार दिवसांसाठी कोण तांब्या नेतं हो? "आत्याबाई, तो राहू द्या की हितं," मी म्हटलं. "नगं बाई," त्या म्हणाल्या, "माज्या हातानं तुमच्या चांगल्या वस्तूचं वंगाळ हुतंय."

लेक तीन रात्री रडून झोपली. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, की रडणारी लेक दिसू नये. चार दिवसांचे आठ झाले, पंधरा झाले. पत्र ना निरोप.

आणि मग एका सकाळी मला बेसिनमध्ये नवी रेघ दिसली. ताजी, ठसठशीत, डाव्या अंगाला. अगं बाई! तांब्या बार्शीला, आत्याबाई बार्शीला, आणि ही रेघ कुणी काढली?

दुसऱ्या दिवशी हे दाढीला उभे राहिले तशी मी मागे जाऊन उभी राहिले. ह्यांचा दाढीचा मग जर्मनचा. ॲल्युमिनियमला आम्ही जर्मनच म्हणतो. तो बेसिनमध्ये ठेवायचा, ब्रश बुडवायचा, आणि तोंड खाली करताना तो कोपरानं सरकवायचा. खर्रर्र! रेघ.

"बघा!" मी इतक्या जोरात ओरडले की ह्यांच्या गालाला ब्लेड लागलं.

"जर्मन मऊ असतं गं, त्यानं कसा चरा पडेल?" हे गाल धरून म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. मागे वळताना हात लागून दंतमंजनाचा डबा बेसिनमध्ये उपडा झाला, सगळीकडे पांढरा चिखल. मी चिडून फडका घेतला आणि पुसायला लागले. पुसता पुसता बघते तर रेघ गायब! जुनी घासली, तीही गेली. चरे नव्हतेच मुळी ते. पाटीवर पेन्सिल झिजते आणि अक्षर उमटतं, तसं ते मऊ जर्मन चिनीमातीवर झिजत होतं. बेसिनला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

हे तोंडावरचा साबण तसाच ठेवून मोरीच्या पायरीवर बसले. मला वाईट वाटलं, पण सांगते, बरंही वाटलं.

रविवारी हे पहिल्या एसटीनं बार्शीला गेले आणि आईला घेऊनच आले. लेक उड्या मारत त्यांच्या गळ्यात पडली. मी मात्र त्यांच्या हातांकडे बघत होते. गाठोडं एवढंसं. तांब्या नव्हता. म्हणजे आत्याबाई आल्या होत्या, पण पाहुण्या म्हणून.

ह्यांनी त्यांना बेसिनपुढे उभं केलं. जर्मनचा मग घेऊन स्वतःच एक रेघ ओढली. "आई, हे माझंच होतं," म्हणाले, "तुझा तांब्या नव्हताच." आत्याबाईंनी ओलं बोट दंतमंजनात बुडवलं, रेघेवर दोनदा फिरवलं. रेघ गेली. त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"एवढंच हुतं व्हय रं?" त्या म्हणाल्या.

रागानं नाही, रडून नाही, नुसतं विचारलं. मी चुलीचं निमित्त करून आत गेले आणि पदरानं डोळे पुसले.

पुढच्या रविवारी हे पुन्हा बार्शीला गेले. नुसत्या तांब्यासाठी. बहीण हसली म्हणे, हसू दे. दुपारी घरी आले, चपला काढायच्या आधी पिंपात तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि आणून बेसिनमध्ये मधोमध ठेवला. असा दणकन, की भिंतीला ऐकू जावं.

आतून आत्याबाई ओरडल्या, "हळू ठेव की रं, चरा पडंल आपल्या बेसिनला!"