अंगावरच्या मालाला जकात नाही

कासारीणकाकू आली की आधी तिचे हात दिसत. मनगटापासून कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, हिरव्या, लाल, जांभळ्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. पाटोद्याच्या पुढं तेव्हा निजामाची हद्द संपून इंग्रजाचा मुलूख लागे. ती तिकडून माल आणी आणि नाक्यावर गाठोड्याची जकात भरी. हातातल्या बांगड्यांची मात्र भरत नसे. "अंगावरच्या मालाला जकात न्हाई, शिपाईदादा. माझा मालक जित्ता हाय," असं मोठ्यानं सांगे. मग आमच्या ओसरीवर बसून त्याच बांगड्या उतरवून आम्हाला भरी.

सरकारबद्दल तिचं मत एकच होतं. "निजाम काय, इंग्रज काय, नाक्यावरचा हात सारखाच. पुढंच येतो."

श्रीमंतांवर तिचा राग नव्हता, पण तिला त्यांचा उपयोगही नव्हता. "पाटलिणीच्या बांगड्या वर्सभर फुटत न्हाईत. काम केलं तर फुटतील ना! माझं पोट भाकरी थापणाऱ्या हातांवर. अन् सरकारचंबी." हे ती पाटलिणीला बांगड्या भरतानाच बोले. पाटलीण हसून घेई. हात काकूच्या मुठीत असे, जाणार कुठं?

भाव ती कमी करत नसे. भरताना बांगडी फुटली तर तिचे पैसेही घेत नसे. "फुटली तर माझी, बसली तर तुझी. मग घासाघीस कशापायी?"

पटकीच्या साथीत तिचा नवरा गेला. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या हातांतल्या बांगड्या फोडल्या. त्यात विकायचा मालही गेला. पोरबाळ नव्हतं. काही महिन्यांनी ती आली ती मोकळ्या हातांनी, सगळ्या मालाची जकात भरून. आळीतली एकही बाई बाहेर आली नाही.

माझ्या सासूनं दारातूनच सांगितलं, "रांडावल्या हातानं सवाष्णीला बांगड्या भरतात व्हय? तुला कळाया नको?"

"आक्का, नाक्यावर याच हातानं पैसे दिले. सरकारनं इटाळ मानला न्हाई."

"मग जा, सरकारलाच भर बांगड्या!"

यावर काकूच आधी हसली. मी हात पुढं केला. धीट होते म्हणून नाही. सण तोंडावर आला होता आणि माझ्या हातात एखाददुसरंच काकण उरलं होतं. सासूनं दंड धरून मला आत ओढलं. काकूनं गाठोडं बांधलं आणि पुन्हा आमच्या गावात आली नाही.

पुढं एकदा पाटोद्याच्या बाजारात दिसली. मिठाच्या ढिगामागं बसली होती.

"बरं चाललंय का, काकू?"

"लई बरं. मिठाला नवरा लागत न्हाई. पाटलिणीलाबी तेवढंच लागतं."

"मग चांगलं झालं की."

"व्हय, चांगलंच." तिनं माप उचललं. "पण मीठ कुणी हातात घेत न्हाई, पोरी. वरून टाकायचं. सकाळधरनं इतकी माणसं आली, कुणाच्या हाताला हात लागला न्हाई. बस की जरा."

माझ्या मागं गिऱ्हाइकं उभी होती. सासू पुढं चालायला लागली होती. मी पदर पसरला, काकूनं वरून मीठ टाकलं, आणि मी निघाले.