सासऱ्यांनी उघडलेले डोळे

"निगेटिव्ह म्हणजे कचरा!" सासरे म्हणाले. "फोटो तयार झाला की तिचं काम संपलं. बाळ झाल्यावर सुईणीला कोणी घरात ठेवून घेतं का?"

"मग तुम्ही डबे भरभरून का ठेवून घेतल्यात?" नवऱ्याने विचारलं.

"फेकायच्या राहिल्या."

वाद स्कॅनरचा होता. घरातले जुने फोटो पिवळे पडायला लागले होते, तेव्हा ते कॉम्प्युटरमध्ये घालावेत, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. घोडं अडलं ते मशीनवर. नवऱ्याला हवं होतं फक्त निगेटिव्हचं छोटं मशीन. त्यात फिल्मची पट्टी सरकवली की कागदावरच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट फोटो मिळतो म्हणे. सासऱ्यांना हवा होता साधा काचेचा, फोटो पालथा ठेवून झाकण लावायचा. दोन्ही कामं करणारा, झाकणात दिवा असलेला मोठा स्कॅनरही होता, पण तो ठेवायला जागा फक्त खिडकीपाशी होती. तिथे सासूबाईंचं शिलाई मशीन. ते हलणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"स्पष्ट कशाला हवं? माणसं ओळखू आली म्हणजे झालं," सासरे म्हणाले. ज्यांचा जन्म फोटो स्टुडिओत गेला, त्यांच्या तोंडून हे ऐकून मी चाट पडले.

स्टुडिओत ते फोटो काढत नसत. काढायचे मालक. सासरे आतल्या अंधाऱ्या खोलीत ते धुवायचे आणि मग उजेडात बसून कागदावरचा फोटो बारीक ब्रशने सुधारायचे; निगेटिव्ह होती तशीच राहायची. मुरूम घालवायचे, टकलावर चार केस पेरायचे. आणि ग्रुप फोटोत कोणी ना कोणी डोळे मिटतंच, त्याचे डोळे रंगवून उघडायचे. त्यामुळे गल्लीत त्यांचं नाव पडलं डोळेवाले. एकदा एक बाई त्यांच्याकडे डोळ्यांत थेंब घालून घ्यायला आल्या होत्या.

फक्त एक गोम होती. त्यांना एकाच तऱ्हेचे डोळे जमायचे. टपोरे, कोपऱ्यात वर गेलेले, दूध उघडं कोणी ठेवलं असं विचारणारे. लग्न होऊन या घरात आले, अल्बम चाळला आणि मी लगेच ओळखलं. सासूबाईंचे! चुलतसासऱ्यांना तेच, शेजारच्या हेडमास्तरांना तेच, मांडीवरच्या माझ्या नवऱ्यालाही तेच. मी नवी सून, गप्प बसले.

"हे बघा, किती बारीक दिसतंय," म्हणत नवऱ्याने डब्यातली एक पट्टी खिडकीकडे धरली. सासऱ्यांनी चपळाईने ती हिसकली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपल्या लग्नाची ना?"

"कोरी आहे."

"कोरी पट्टी इतक्या घाईने लपवतात?"

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. लग्नाच्या फोटोत सासूबाई आणि शेजारी कोट घातलेले सासरे, ताठ उभे. टपोरे डोळे, कोपऱ्यात वर गेलेले.

"बाबा, म्हणजे तुमचेसुद्धा...?" नवऱ्याला हसू आवरेना.

"फ्लॅश उडाला की मिटतात माझे," सासरे पुटपुटले. "स्टुडिओतल्या माणसाचेच डोळे मिटलेले! हिच्या माहेरी काय तोंड दाखवणार होतो?" मग बायकोकडे वळून म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"अहो, रोज आरशात बघते. माझे डोळे मला ओळखू येणार नाहीत?" सासूबाईंनी एक शेंग सोलली. "लग्न झाल्यापासून त्या भिंतीवरून मीच मला दटावतेय. त्या दिवशी तुम्ही कसे दिसत होतात, ते मला कधी दिसलंच नाही."

"बावळट दिसत होतो."

"ते मी ठरवीन."

सासरे थोडा वेळ खिसा दाबून बसले. मग त्यांनी पट्टी काढली, सदऱ्याच्या टोकाने नको म्हणून फुंकरीनेच साफ केली आणि मटारांच्या ताटलीशेजारी ठेवली.

सासूबाईंनी हात पुसले.

"दिवेवाला मोठाच आणा," त्या म्हणाल्या. "शिलाई मशीन आमच्या खोलीत जाईल. आणि पहिली ही पट्टी."