रंग न लावलेली कड

प्रिय रोहन आणि ईरा,

परवा तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. तुमच्या बाबाने जुना पिकअप विकत घेतला आहे. गाडी अंगणात धुऊन उभी आहे आणि रोहन ड्रायव्हरच्या जागेवर बसून ब्रेक दाबतो आहे. पेडल खाली जाताना खर्र असा आवाज येतो. वर येताना ते क्षणभर अडतं आणि मग येतं. ईरा हसते. बाबा म्हणतो, "जुनी गाडी आहे, कुरकुरणारच. खाली एक छानशी मॅट टाकू." तेवढं ऐकून मी फोन ठेवला आणि लिहायला बसले. समीरला, म्हणजे तुमच्या बाबाला, ही हकिगत मी कधी पूर्ण सांगितली नाही. आता सांगते, कारण त्या गाडीत तुम्ही बसणार आहात.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर होते. त्या वर्षी पोस्टिंग पुण्यात होतं, एका मेडिकल युनिटमध्ये. समीरला नुकतीच सॉफ्टवेअरची पहिली नोकरी लागली होती. शहरात रोज कुठेतरी नवी कंपनी उघडत होती, आणि आमच्या युनिटमध्ये सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. सकाळी पीटी, मग वॉर्डचा राउंड, संध्याकाळी रिपोर्ट.

युनिटकडे एक जुना पिकअप होता. युद्धात त्याने जखमी वाहून आणले होते. पुढे तो कामातून बाद झाला, पण युनिटने तो सोडला नाही. दर वर्षी रेझिंग डेला, म्हणजे युनिटच्या वाढदिवसाला, हाच पिकअप ताफ्यात मानाने पुढे असायचा. मागच्या बाकांवर जुने पेन्शनर बसायचे. ताफा कात्रजचा जुना घाट चढून बोगद्यापलीकडच्या मैदानावर जायचा आणि तिथे बडा खाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, व्हायचा.

पिकअपचा ड्रायव्हर हवालदार नामदेव ढमाले. वेल्ह्याकडचा, उंच, कमी बोलणारा. गाडीला तो "म्हातारी" म्हणायचा. रेझिंग डेच्या काही दिवस आधी मी एमटी शेडवरून, म्हणजे युनिटच्या गाड्यांच्या शेडवरून, जात होते, तर ढमालेचे फक्त बूट गाडीबाहेर दिसत होते.

मी विचारलं, "काय झालं?"

"म्हातारीचा घसा बसलाय मॅडम. पेडल घासतंय."

त्याने मला दाखवलं. अगदी तुमच्या व्हिडिओतला आवाज. मी म्हटलं, थोडा आवाज झाला तर काय बिघडलं? तो म्हणाला, आवाजाचं काही नाही, पेडल पूर्ण वर येत नाही हे वाईट आहे. ब्रेक दाबलेलाच राहतो. गाडी चालते, पण चाकांत ब्रेक घासत राहतात, तापतात, मग आतलं तेल उकळतं. उकळलेल्या तेलात फुगे होतात. अशा वेळी पेडल दाबलं तर ते नुसतं फुगे दाबतं, ब्रेक लागत नाही.

त्याने क्रमाने काम केलं. आधी पेडलच्या सांध्याला ग्रीस दिलं. फरक नाही. मग पेडल मागे खेचणारी स्प्रिंग बदलली. थोडा फरक, पण आवाज तसाच. पेडलचा दांडा ज्या खाचेतून फरशीच्या पत्र्याखाली जातो, तिथे कुठेतरी तो लागत होता. अंधारात नेमकी जागा दिसत नव्हती.

ती मी शोधून दिली, हे सांगायला हरकत नाही. वॉर्डमध्ये आम्ही तोंडातल्या व्रणांना जेन्शियन व्हायोलेट लावायचो. जांभळं, कशालाही लागलं की सुटत नाही. मी बाटली आणि कापसाचा बोळा पाठवला आणि सांगितलं, दांड्याला लावा आणि पेडल दाबा. खाचेच्या उजव्या कडेवर जांभळा ओरखडा उमटला. तिथे पत्रा खालून मार लागून वर आला होता. ढमालेने तो ठोकून बसवला आणि कड कानशीने घासली. हिरवा रंग निघून पांढरं लोखंड दिसू लागलं, जांभळ्याचा एक डाग तेवढा कोपऱ्यात राहिला. आता बोटाने दाबलं तरी पेडल टक् करून वर येत होतं.

मग तो हडपसरपर्यंत गाडी फिरवून आला आणि त्याने चारही चाकांच्या ड्रमवर तळहात ठेवून पाहिला. मी नेमकी तिथेच होते.

"ताप नाही मॅडम. डिस्चार्ज द्या."

रेझिंग डेच्या आदल्या दिवशी सुभेदार मेजर जगताप साहेबांनी शेड तपासली. आर्मीत सुभेदार मेजर म्हणजे घरातला थोरला. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. चुना मारलेले दगड, नवे रंगवलेले नंबर, सगळं पाहून ते पिकअपमध्ये डोकावले. दुसऱ्या दिवशी जनरल साहेब येणार होते. हिरव्यागार फरशीत ती कड चांदीसारखी चमकत होती.

"उघडं लोखंड? पेन्शनरांच्या गाडीत? उद्या काय, गंज दाखवायचाय साहेबांना?"

आमच्याकडे उघडं लोखंड म्हणजे आळस. हलत नसेल त्याला चुना लावा आणि हलत असेल त्याला रंग लावा, असं आम्हीच चेष्टेने म्हणायचो. ढमाले तेव्हा पेन्शनरांना आणायला स्टेशनवर गेला होता. जगताप साहेबांनी रंगाऱ्याला कड रंगवायला सांगितली आणि त्याने काम मनापासून केलं. कड ओबडधोबड दिसते म्हणून त्याने तिच्यावर कॅनव्हासची बोटभर रुंद पट्टी चिकटवली, खाचेभोवती नीट दुमडली आणि वरून हिरवा रंग दिला. जगताप साहेबांनी पाहिलं आणि शाबासकी दिली.

सकाळी परेड झाली, भाषणं झाली. पेन्शनर पिकअपमध्ये चढले. जगताप साहेब त्यांच्याबरोबर मागे बसले. म्हाताऱ्यांच्या तब्येतीसाठी मी पुढे ढमालेशेजारी, मांडीवर वायरलेस सेट घेऊन. सगळ्यांत वयस्कर भोसले बाबा युद्धात याच गाडीतून हॉस्पिटलला आले होते. एक पाय त्यांनी तिकडेच ठेवला होता. ते मोठ्याने म्हणाले, "तेव्हा झोपून गेलो होतो. आज तिकीट वाढलं, बसून जातोय." सगळे हसले.

ढमाले शेवटच्या क्षणी जागेवर आला. त्याने ब्रेक दाबला आणि खाली पाहिलं.

"रंग दिला का हितं?"

मी म्हटलं, काल दिला असावा. झेंडा हलला. वाट दाखवणारी जीप निघाली आणि तिच्यामागे आम्ही.

स्वारगेट, बिबवेवाडीचा चौक, सगळीकडे गर्दी. त्याला सारखा ब्रेक दाबावा लागत होता. कात्रजच्या डेअरीजवळ मी पाहिलं, तो ब्रेक सोडल्यावर बुटाचं टोक पेडलखाली घालून ते वर उचलत होता.

"चिकटतंय?"

"रंग ओला असंल. पण गाडी ओढत नाय मॅडम. जीपला इचारा, थांबू का."

मी सेटवर विचारलं. जीपमध्ये आमचे कॅप्टन होते.

"वन, धिस इज टू. ब्रेक तपासायला थांबायचं आहे. ओव्हर."

"टू, घाटात थांबू नका. मागे वाहतूक तुंबेल. बोगद्यापलीकडे थांबू. ओव्हर."

"रॉजर. आउट."

हा हुकूम चुकीचा नव्हता. घाटात एकामागे एक ट्रक होते आणि कडेला जागा नव्हती. चढणीवर ब्रेकचं कामही नव्हतं. तापलेली गाडी मात्र आतल्या आत तापत राहिली. बोगद्यात शिरल्यावर जळका वास आला. आम्ही दोघांनीही तो घेतला आणि पुढे पाहत राहिलो. पलीकडच्या तोंडाशी उजेड दिसत होता. थांबायची जागा तिथून थोडीच पुढे होती, पण उतारावर.

उजेडात आलो. ढमालेने ब्रेक दाबला. पेडल फरशीला टेकलं. काहीच झालं नाही.

"मॅडम, ब्रेक गेला."

आवाज तोच, 'ताप नाही' म्हणतानाचा. त्याने पेडल भराभर दाबून पाहिलं. हँडब्रेक ओढला. तोही त्याच तापलेल्या चाकांवर चालतो. गियर खाली घेतला. इंजिन किंचाळलं, गाडी थोडी दबली आणि पुन्हा सुटली. पुढे जीप थांबत होती. तिच्या पुढे रस्ता वळत होता आणि डावीकडे दरी होती. समोरून भरलेली एसटी चढत येत होती.

"मागं सांगा. खाली बसा, धरून ऱ्हावा."

मी ओरडले. मागे जगताप साहेबांनी हुकूम दिल्याचं ऐकू आलं. ढमालेने एसटी बाजूने जाऊ दिली. तेवढा वेळ त्याने धरलेला दम मला अजून आठवतो. मग त्याने स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. उजवीकडे डोंगर होता. गाडी कड्याला घासत गेली, घासत गेली आणि एका कातळावर थांबली. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, हे तुम्हाला तिकडे मुद्दाम सांगावं लागतं.

मी उतरले. मला खरचटलंही नव्हतं. मागे दोघांची हाडं मोडली होती, एकाच्या कपाळातून रक्त येत होतं. सगळे जिवंत. मी ढमालेच्या मानेवर बोटं ठेवली. ठेवूनच राहिले. जगताप साहेब मला म्हणाले, "मॅडम, बाकीच्यांना बघा." तेव्हा मी बोटं काढली आणि बँडेज बांधायला लागले. मी सगळं बरोबर केलं असं नंतर लोक सांगत. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतात ते भोसले बाबा. रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी ढमालेची टोपी मांडीवर धरली होती आणि तिच्यावरची धूळ झटकत होते.

रात्री बूट काढताना उजवा तळवा काळानिळा दिसला. माझ्या बाजूला पेडल नव्हतं. मी पूर्ण उतारभर रिकामी फरशी दाबत होते.

चौकशीत वर्कशॉपच्या लोकांनी ती फरशी पेडलसकट काढून टेबलावर ठेवली. कॅनव्हासची पट्टी एका बाजूने सुटून गुंडाळली गेली होती आणि दांडा व खाच यांच्यामध्ये पाचरीसारखी बसली होती. त्यांनी ती उचलली. खाली पांढरी कड आणि तिच्यावर माझा जांभळा डाग, अजून ताजा. बोटभर कापड होतं, रोहन. शत्रू नव्हता, गोळी नव्हती. पाहुण्यांसाठी घर आवरावं तशा मनाने कोणीतरी लावलेलं बोटभर कापड.

रंगाऱ्याला बोलावलं होतं. त्याला प्रश्न विचारायच्या आधी जगताप साहेब उभे राहिले.

"हुकूम माझा होता. ढमाल्यानं गाडी बरी केली होती. मी बिघडवली. लिहून घ्या."

ते लिहून घेतलं गेलं. ड्रायव्हरची चूक नाही, हे ढमालेच्या घरी त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मीही बरोबर होते. त्याची आई अंगणात बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "एसटीतली माणसं समदी हायेत न्हवं?" आम्ही हो म्हटलं. "मग झालं," ती म्हणाली आणि आम्हाला चहा ठेवायला आत गेली. जगताप साहेब चपला घालायचं विसरून तसेच रस्त्यापर्यंत चालत आले.

तेव्हा, मुलांनो, मॅट टाकायची नाही. आधी आहे तीही काढा. दांड्याला काहीतरी रंगीत लावा, पेडल दाबा आणि डाग कुठे उमटतो ते पाहा. तिथे घासा. पेडल बोटाने दाबून सोडलं की ते टक् करून वर आलं पाहिजे. मग थोडं अंतर फिरवून आणा आणि चाकांजवळ हात नेऊन पाहा. समीर, भाजेल इतका ताप असेल तर गाडी जिथे आहे तिथे थांबव. मागे कितीही हॉर्न वाजोत. आणि घासलेल्या जागेला रंग लावू नका.

हवालदार नामदेव ढमाले यांचं नाव युनिटच्या भिंतीवर युद्धात गेलेल्यांच्या खाली आहे. भोसले बाबा गेले. जगताप साहेबही मागच्या वर्षी गेले. पिकअप दुरुस्त होऊन युनिटच्या दारात उभा आहे, आता तो चालवत नाहीत. सगळा हिरवागार रंगवलेला असतो. पेडलच्या खाचेची उजवी कड मात्र उघडी आहे. तिला दर सोमवारी तेल लावतात.

तुमची आजी