हलकी हाय, बाजूला ठिव

“हलकी हाय. बाजूला ठिव.”

काडतूस तळहातावर घ्यायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, ही आमच्या हवालदारकाकांची रीत. गंगापूर रोडच्या पुढं आमची पिस्तुलाची रेंज. मी निशाण्याच्या कागदावरची भोकं मोजायचो, ते काडतुसं वाटायचे. मंडळी, सराफ बाजारातले काटे तुम्ही पाहिलेत ना? या तळहातापुढं ते मान खाली घालत. हातावर माशी बसली तर ती जेवून आलीय की उपाशी, हेही काका सांगत. विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मीच हल्ली निम्मा ठेवतो.

मूळचे कळवणकडचे, हयात देवळालीला तोफखान्यात गेलेली. “तोफगोळे उचलून खांदा गेला, आन् म्हातारपणी देवानं शेंगदाणे निवडाया बसवलं,” म्हणत खांदा चोळायचे.

एकदा मी शहाणपणा केला. “काका, जड गोळी खाली लागणार, हलकी वर. त्यात काय एवढं?”

“मास्तर, तुमी भोकंच मोजा. जड गोळी वर लागती! नळी तीच, म्हंजी जाडी वाढत नाय. वजन वाढवाया गोळी लांबच करावी लागती. जड गडी हळू निघतो. तो भाईर पडंस्तवर धक्क्यानं पिस्तूलच उचलतं.”

आमच्या गोळ्यांचं नाक सपाट, कागदाला बिस्किटासारखं गोल भोक पाडणारं. गोळी काडतुसात पार काठापर्यंत बुडालेली. लांब की आखूड, ब्रह्मदेवालाही बाहेरून कळू नये. पेटीवरचं लेबल वाचावं, एवढाच उपाय. पण काका हलक्या-जड दोन्ही गोळ्यांच्या पेट्या फोडून सगळी काडतुसं एकाच ताटात ओतत आणि हातानं निवडत. सोनाराचा काटा कपाटात. “हात असताना काटा कशाला?”

येवल्याची एक पोरगी पहिल्या एसटीनं सरावाला यायची. तिचा नेम हलक्या गोळीवर बसवलेला. राज्याच्या संघाची निवड होती, त्या दिवशी शेवटच्या पाच गोळ्यांपर्यंत ती पुढं होती. पाचातल्या तीन बोटभर वर लागल्या. मी तीनदा मोजलं. मोजून का कुठं भोकं सरकतात? दोन गुणांनी निवड हुकली.

काकांनी कपाटातून काटा काढला. तिच्यासाठी निवडलेल्या, उरलेल्या काडतुसांत दोन जड निघाली. साखरेच्या आजारानं काकांची बोटं कधीची बधिर झाली होती. कुणाला बोलले नव्हते.

“तुझा हात नाय चुकला, पोरी. माझा चुकला.”

“काका, पुढच्या वर्षीही तुम्हीच द्या.”

“पुढच्या वर्षी काटा दील.”

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मी कळवणला जाऊनही आलो. दारात बसले होते, चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरून.

यंदा पोरगी पुन्हा निवडीला उभी राहिली. लेबल वाचून, एकेक काडतूस काट्यावर तोलून मी तिच्यापुढं ठेवलं. तरी तिनं पहिलं काडतूस उचलून तळहातावर घेतलं, डोळे मिटले.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“काहीच कळत नाही, मास्तर,” ती म्हणाली, आणि काडतूस भरलं.