विंझरचा टर्न

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. मी आजवर जेवढी भुतं मारली आहेत तेवढी तुमच्यापैकी कुणी पाहिलीही नसतील. हडळी, सांगाडे, कबरीतून उठलेले राजे... सगळी कॉम्प्युटरवर. रोल-प्लेइंग गेम्सचा नाद मला कॉलेजपासून आहे, आणि त्या नादानं माणूस एक गोष्ट पक्की शिकतो — प्रत्येक भुतामागे कुणीतरी बसून लिहिलेला कोड असतो. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी कायम हसत आलोय. जुन्या धाग्यांवर माझ्या दोन-चार खोचक कमेंट्सही सापडतील, कृपया शोधू नका.

माझं नाव आसिफ. भोरला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. क्लासच्या मागं एक खोली आहे, तिच्यात टीव्ही, माझा लाडका पीसी, दोन वायरलेस कंट्रोलर आणि दोन खुर्च्या. एक खुर्ची माझी, दुसरी प्रशांतची. प्रशांत मार्गासनीचा, भोरला एका वकिलांच्या ऑफिसात कामाला होता. शनिवारी त्याला अर्धा दिवस असायचा. दुपारी जेवून तो क्लासवर यायचा आणि वेल्ह्याची शेवटची एसटी पकडायच्या आत आम्ही जमेल तेवढं जग वाचवायचो.

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली त्यावरूनच भांडणं लागतील. एवढंच सांगतो, की पाळीपाळीनं, म्हणजे टर्न घेत लढायचा जुन्या धाटणीचा गेम आहे, ज्यात घाई नाही, विचार करायला वेळ मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की हल्लीच्या गेम्सनी खेळणाऱ्याला गाढव करून टाकलंय. नकाशावर बाण दाखवायचा आणि म्हणायचं, जा बाळा तिकडे. अरे, मग रस्ता शोधायची मजा कुणी घ्यायची? ग्राफिक्स म्हणजे लग्नातला मांडव, जेवण महत्त्वाचं. आणि चांगल्या गेमची माझी परीक्षा एकच — लढाई संपल्यावर सोबत्यांबरोबर शेकोटीपाशी बसावंसं वाटतं का? वाटत नसेल तर तो गेम नाही, ती वेठबिगारी आहे.

प्रशांतला यातलं एकही मत मान्य नव्हतं. त्याला बाण आवडायचे. त्याच्या जादूगाराचं नाव त्यानं ठेवलं होतं विंझर. ऐकायला कसं भारदस्त वाटतं, पण ते मार्गासनीच्या पुढचं गाव. त्याचे वडील, नाना, एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे आमच्या आधीच्या गेम्समध्येही करंजावणे, नसरापूर अशा थांब्यांच्या नावांचे एकेक वीर होऊन गेले होते. माझ्या योद्ध्याचं नाव आसिफ. आपल्याला तेवढी कल्पनाशक्ती नाही.

आता हा नाद ज्यांना नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट समजावून सांगतो. अशा गेममध्ये प्रत्येक पात्राकडे एक पिशवी असते. वाटेत औषधाच्या बाटल्या मिळतात — जखम भरणाऱ्या, विष उतरवणाऱ्या, मेलेल्याला उठवणाऱ्यासुद्धा. त्या पिशवीत साठत जातात. आणि आम्हा लोकांची एक खोड असते, की या बाटल्या आम्ही वापरतच नाही. पुढं याहून मोठं संकट आलं तर? गेम संपतो आणि पिशवी तशीच भरलेली. जगातल्या प्रत्येक खेळणाऱ्यात ही खोड थोडीफार असते, पण प्रशांत म्हणजे त्या खोडीचा महामेरू होता. माझा योद्धा रक्तबंबाळ होऊन पडलाय, पुढ्यात राक्षस उभा आहे, मी ओरडतोय, "अरे, एक बाटली दे!" आणि हा शांतपणे म्हणणार, "थांब की भावा. पुढं लागंल."

शेवटच्या किल्ल्याच्या दरवाजापाशी आम्ही अडकलो होतो. ती एक लढाई काही केल्या जिंकता येईना. खरं तर विंझरच्या पिशवीतल्या बाटल्यांवर एक अख्खं ग्रामीण रुग्णालय चाललं असतं, पण तो उघडेल तर ना. शनिवारमागून शनिवार आम्ही हरत होतो आणि चहा पीत होतो. मला त्याचा राग यायचा, आणि आज वाटतं, त्याहून सुखाचे दिवस माझ्या वाट्याला आले नाहीत.

मग श्रावण संपता संपता एका दुपारी प्रशांत ऑफिसात बसल्या जागी गेला. हार्ट. पस्तिशीही गाठली नव्हती. लग्न झालेलं नव्हतं, आई आधीच गेलेली. धाकटी बहीण लग्न होऊन सासरी. घरात तो आणि नाना, दोघंच.

दहाव्याला मी मार्गासनीला गेलो. नदीकाठी विधी झाला, पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकून उभे राहिले. समोरच्या झाडावर कावळे होते, चांगले दहा-बारा. एकही खाली येईना. बहिणीनं पुढं होऊन सांगितलं, "दादा, नानांना मी सांभाळीन." चुलत्यानं सांगितलं, घराचं राहिलेलं काम पुरं करतो. कावळे ढिम्म. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग चुलते मला म्हणाले, "आसिफ, तू बोल. तुज्याशीच जास्ती बोलायचा त्यो."

आमच्यात हे नसतं. पण मी चपला काढल्या, पुढं गेलो आणि हळूच म्हणालो, "भावा, गेम मी पूर्ण करीन." कुणी हसलं नाही, ऐकूच गेलं नसावं. कावळा आला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती... पण नाही आला. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

सगळे उठले, नाना बसूनच. पँट-शर्टातला, ताठ कण्याचा माणूस, आयुष्यभर धावत्या गाडीत तोल सांभाळलेला. ते पिंडाकडं बघत एकच वाक्य परत परत म्हणत होते, "काय ऱ्हायलं रं तुजं? सांग की. काय ऱ्हायलं?"

त्यानंतर नानांचं जेवण तुटलं. बहीण फोनवर रडायची. रात्री उठून बसतात म्हणे आणि तेच विचारतात. मी दोनदा जाऊन आलो, तरी तेच.

दिवाळीच्या थोडं आधी, शनिवारी दुपारी, मी क्लास बंद करत होतो तेव्हा नाना दारात उभे. एसटीनं आले होते. पाणी घेतलं नाही, खुर्ची पुढं केली तर बसले नाहीत.

"त्यो शनवारी हितं यायचा न्हवं?"

"हो नाना."

"काय करायचा, ते दाव मला."

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. ते आपणहून प्रशांतच्या खुर्चीत बसले. प्रशांत गेल्यापासून मी गेम उघडला नव्हता. धीरच होत नव्हता. त्याचा कंट्रोलर टीव्हीच्या वर फळीवर होता. मी मधे त्याचे सेल काढून क्लासमधल्या भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा प्रश्न तिथंच आहे. माझ्याकडं तिसरा कंट्रोलर नाही. आणि या गेममध्ये दुसरा कंट्रोलर बंद असला की ते पात्र जागेवर नुसतं उभं राहतं. लढाईत त्याचा टर्न येतो, काही क्षण थांबतो आणि फुकट जातो. प्रशांत फोनवर बोलायला बाहेर गेला की हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं.

मी दरवाजाची लढाई लावली. नानांना समजावलं, "हा मी, तलवारवाला. हा मागं काठी घेऊन उभा आहे तो प्रशांत. डोक्यावर लाल पट्टी आहे ना, ती संपली की माणूस संपला."

"पट्टी म्हंजी जीव, व्हय?"

"हो."

एकट्यानं ती लढाई जिंकणं शक्यच नव्हतं. दोन-तीन टर्नमध्ये माझी पट्टी काठाला आली. विंझरचा टर्न आला आणि मी कंट्रोलर मांडीवर ठेवला, फुकट जाणारच होता. नानांना म्हणणार होतो, की बघा, असं असतं, झालं आता.

विंझर हलला.

तो माझ्यापर्यंत चालत आला, पिशवी उघडली आणि मला बाटली दिली. माझी पट्टी भरली. मी फळीकडं पाहिलं. कंट्रोलर तसाच, दिवा बंद, मागचं सेलचं झाकणसुद्धा उघडं. भीती वाटली का म्हणाल तर... नाही. रडू आलं. इतके शनिवार मी त्या एका बाटलीसाठी ओरडलो होतो.

नानांना यातलं वावगं काहीच वाटलं नाही. गेम असाच असतो असं त्यांना वाटलं असणार. उलट ते खुर्चीत पुढं सरकले. "बग, बग, कसा आला! दिलं न्हवं तुला औशद?"

"दिलं नाना."

पुढच्या टर्नला परत तेच, आणि असे कितीतरी टर्न. मग परत. मी लढत होतो, पडत होतो आणि विंझर मला उभं करत होता. त्याच्या स्वतःच्या अंगावर बाण येत होते, त्याची पट्टी कमी कमी होत होती, आणि तो एकदाही स्वतःसाठी बाटली काढत नव्हता. नानांच्या ते लक्षात आलं. माझ्याआधी आलं. त्यांचा आवाज बदलला.

"आरं, त्येचं बी बग की. त्येचा जीव चाललाय. तू दे त्याला."

"माझ्या पिशवीत काही नाही नाना. सगळं त्याच्याकडंच आहे."

पडद्यावर शेवटचा राक्षस अर्धमेला उभा होता. मीही तसाच. विंझरचा टर्न आला. त्याच्या डोक्यावर लाल रंगाची नुसती रेघ उरली होती. नाना उठून टीव्हीजवळ गेले आणि पडद्याला हात लावून म्हणाले, "प्रश्या, आता तू घे. आयक माजं. ही तू घे."

विंझर थोडा वेळ उभा राहिला. टर्न फुकट जायच्या आधी जेवढा थांबतो त्याहून जास्त वेळ, हे मी शपथेवर सांगतो. मग माझ्याकडं आला आणि ती बाटलीही मला दिली.

पुढच्या बाणाला तो पडला. त्याच्या मागून माझा टर्न होता, मी राक्षस मारला. किल्ल्याचा दरवाजा उघडला. आम्ही जिंकलो.

"ऐकलं न्हाई बग," नाना म्हणाले. हसले की काय असं वाटलं मला. "कदी ऐकलं व्हतं माजं?" मग पडलेल्या विंझरकडं बोट करून, "आता उठंल का त्यो?"

मेलेल्याला उठवायची बाटली असते. मी विंझरची पिशवी उघडली. आतापर्यंत जी खच्चून भरलेली असायची त्या पिशवीतले सगळे चौकोन रिकामे होते.

"नाही नाना. काही उरलं नाही."

नाना परत खुर्चीत बसले. माझ्याकडं न बघता बोलायला लागले, मधेमधे थांबत. "ल्हानपनी त्याला ड्रेस घेतला दिवाळीला, म्या म्हनलं, ठिव, पुढं लग्नात घाल. पेढा दिला कुनी, तर अर्दा ठिव. पगार झाला तर ठिव. समदं ठिव, ठिव... त्यो बी ठिवत गेला. गुनी पोरगं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "नदीवर म्या त्याला इचारत बसलो, तुजं काय ऱ्हायलं. त्याचं काय ऱ्हायलं न्हवतं रं, आसिफ. माजंच ऱ्हायलं व्हतं. घे म्हनायचं ऱ्हायलं व्हतं."

मी त्यांचा हात धरून बसलो.

नंतर मी जमेल तेवढी तपासणी केली. दुसऱ्या सेव्हवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या दुसऱ्या डावावर, दुसरा कंट्रोलर बंद ठेवून खेळलो, पात्र ढिम्म उभं, टर्न फुकट. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. फोरमवर विचारलं, तर एक जण म्हणाला अपडेटमध्ये काही बदललं असेल, दुसरा म्हणाला पीसीला शेजारच्या कशाचा तरी सिग्नल लागला असेल. असेल. पण सिग्नलला बाटली कुणाला द्यायची हे कसं कळतं? एवढं मला कुणी सांगितलं नाही. माझा अजूनही भुतांवर विश्वास नाही. त्या दुपारी खोलीत काय होतं, ते मला माहीत नाही, आणि त्याला भूत म्हणायला जीभ वळत नाही. तो सेव्ह मी पुढं खेळलेलो नाही. दरवाजा उघडा आहे, विंझर तिथंच पडलाय.

त्या संध्याकाळी मी नानांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता, म्हणून चहा सांगितला. टपरीवर गरम वडे निघत होते. बहीण फोनवर म्हणाली होती, की सकाळपासून अन्नाचा कण घेतलेला नाही, म्हणून मी एक प्लेट पुढं केली. आता नको म्हणतील, पुडीत बांधून दे म्हणतील, असं मला वाटलं. नानांनी वड्याकडं बराच वेळ पाहिलं. मग तिथंच उभ्यानं, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, गरम गरम खाल्ला.